मदतनिसाचा मूळ अर्थ

आटपाडीकडच्या एका अंगणवाडीत बनुबाई मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, रडतं पोर कडेवर घेऊन आईच्या शिवारापर्यंत पोचवायचं. यावरच तिची चूल पेटायची. घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं.

तिकडे जिल्ह्याच्या ठिकाणी, विश्रामबागेतल्या कार्यालयात राजवर्धन साहेबांना भर बैठकीत प्रश्न पडला, की मदतनीस म्हणजे नेमकं कोण? समिती बसली. तिने चहाच्या आधारे शब्दाचं मूळ पार फारसीत नेऊन गाठलं. नवीस म्हणजे लिहिणारा. जसा चिटणीस, जसा फडणीस, तसा मदतनीस. सबब, मदतनिसाने मदत करणे मूळ अर्थास सोडून आहे. त्याने ती फक्त लिहावी. हाताने मदत करताना आढळल्यास पद रद्द.

बनुबाई अक्षरं शिकली होती, पण केस पिकल्यावर. दुसऱ्याच दिवशी सृष्टी नावाची पोर पायरीवरून पडली. बनुबाई कळवळली आणि लिहायला बसली. तिचा ‘सृ’ जमेपर्यंत पोर आपली आपण उठून घरी गेली. ‘मुलांत स्वावलंबन वाढले,’ असा वरून शेरा आला. खिचडी करपली, तीही व्यवस्थित लिहिली गेली. अंगणवाडी तालुक्यात पहिली आली.

सत्काराला साहेब जातीने आले. फोटोसाठी मागं सरकता सरकता नुसत्या खणून ठेवलेल्या, पाण्यानं भरलेल्या शोषखड्ड्यात गेले, ते थेट गळ्यापर्यंत.

“आवं मावशी, हात द्या की!” साहेबांची शहरी भाषा आधी बुडाली.

“हात दिला तर नोकरी जाईल न्हवं, सायेब? जरा दम धरा, लिवते. राजवर्धनातला ‘र्ध’ कसा काडायचा?”

“लिवनं ऱ्हाऊ द्या! मी बुडालो!”

भोवती सगळा गाव मोबाईल धरून उभा होता, सगळ्यांत पुढं गावातलीच राणी. “राणे, बाजूला हो गं,” नाथाजी मागून ओरडला, “सायबांचं त्वांड दिसंना!”

“मरू दे ती नोकरी!” बनुबाईने पेन फेकलं, पदर खोचला आणि पालथं पडून साहेबांना वर ओढलं.

अंग पुसून होताच साहेबांनी आदेश काढला. नियम मोडला होता आणि पुराव्याला गावभरचे व्हिडिओ होते. बनुबाई घरी बसली. तिच्या जागी राणीची नेमणूक झाली, कारण मदतीची एवढी स्वच्छ नोंद जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केली नव्हती.

तो व्हिडिओ तुमच्याकडे आलाच असेल. खाली एक रडकं तोंड डकवून तुम्हीही तो पुढं धाडला असेल. तालुक्यात अजून जागा आहेत, अर्ज करा.