निवृत्तीभाऊंची हाळी

गेल्या वर्षी बरेच महिने एक गृहस्थ मला रोज सकाळी हाक मारीत होते आणि त्यांच्या हाकेला माझा मोबाइल ओ देत होता. मी नव्हे, मोबाइल. ही व्यवस्था मी स्वतः केली होती, ती कधीही चुकत नव्हती, आणि तिच्याविषयी मी कोणाजवळही बोललो नव्हतो. आता बोलतो, परंतु आधी त्या गृहस्थांची ओळख करून द्यायला हवी. त्यांना ओळखल्याखेरीज माझ्या हुशारीची खरी योग्यता वाचकांच्या ध्यानात येणार नाही.

निवृत्ती शिवळे हे माणच्या आमच्या कंपनीतले सर्वांत वयस्कर प्रोग्रामर. गाव महाळुंगे. वडिलांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला, त्याच कारखान्यात ते यंत्रावर कामाला लागले. पुढे यंत्राला संगणक जोडला गेला तेव्हा ते संगणक शिकले, आणि शिकता शिकता आमच्याकडे येऊन पोहोचले. येताना सर्व विद्या बरोबर आणली. इंग्रजी शब्द मात्र चाकणच्या चौकात उतरवून ठेवले असावेत.

संगणकशास्त्राशी त्यांचे वैर नव्हते. त्याच्या शब्दांशी होते. "सायेब, ज्या शब्दाला वास न्हाई, तो शब्द आपल्या कामाचा न्हाई," असे ते म्हणत. दोघांनी एकाच फाइलमधली एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलून ठेवली, की आम्ही त्याला 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणत असू. शिवळे म्हणत, बांधाचं भांडण. 'स्टॅक' म्हणजे त्यांची उतरंड. "वरचं गाडगं काढल्याबिगर खालचं निघतंय का?" एवढ्या एका प्रश्नात ते तो धडा संपवीत, आमच्या प्रशिक्षण विभागाला त्यासाठी जेवणासह पूर्ण दिवस लागे. 'पॅच'ला ते ठिगळ म्हणत. आणि पूर्वीच्या लोकांनी लिहून ठेवलेला, कोणालाच संपूर्ण न उमगणारा जो जुना 'लेगसी कोड' असतो, त्याला सामायिक जमीन. "नावं ढीगभर, कसणारा एकला मी."

मी त्या कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख. म्हणजे इतरांनी केलेल्या कामाला योग्य शब्द लावण्याचे काम माझ्याकडे. एकदा ग्राहकाबरोबरच्या बैठकीत कामाला उशीर का झाला असे विचारले गेले. शिवळे शांतपणे उत्तरले, "बांधाचं भांडण झालंय. मोजणी मागवलीया." मी तत्परतेने त्याचे 'स्टेकहोल्डर अलाइनमेंट' असे भाषांतर केले. ग्राहकाला अर्थ दोन्हींचा कळला नाही; परंतु माझ्या शब्दांचे बिल लावता येत होते.

कार्यालयातली मुले आरंभी हसली. नंतर ती तसेच बोलू लागली. परभणीहून नुकतीच आलेली ऋतुजा नावाची मुलगी एके दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, उतरंड कोसळली." मला ते क्षणात कळले, आणि कळले याचाच मला राग आला. मी सर्वांना पत्र धाडले: कार्यालयात जागतिक पातळीवर मान्य असलेली परिभाषाच वापरली जावी. पत्र मी अनेकदा सुधारून लिहिले होते. शिवळ्यांनी ते उभ्या उभ्या वाचले.

"मसुदा झ्याक हाय, सायेब," ते म्हणाले. "वास तेवढा न्हाई."

त्यांच्या या कोशातला एक शब्द मात्र आमच्या दोघांत विशेष रुळला. एखादा सर्व्हर जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्याकडे इवलासा संदेश पाठवतात आणि तो उत्तर देतो का याची वाट पाहतात. याला सारे जग 'पिंग' म्हणते. शिवळे त्याला हाळी म्हणत, आणि सर्व्हरच्या उत्तराला ओ.

"आमची आई बांधावर हुबी ऱ्हाऊन हाळी द्यायची," त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर समजावले होते. "निवर्त्याऽऽ! मी पार वढ्याच्या पल्याड. तिथनं ओ द्यायची. पर ओ म्हंजी नुसतं ऐकू आलं आसं न्हवं, सायेब. ओ म्हंजी निघालो. ओ दिली की पाय उचलायचा."

"अहो शिवळे, सर्व्हर बिचारा कुठे पाय उचलणार?"

"म्हनून तर त्याला सर्व्हर म्हनायचं. मानूस न्हाई."

पुढे कंपनीला तरुण रक्ताची गरज भासू लागली. निवृत्ती हे त्यांचे नावच असल्यामुळे मनुष्यबळ विभागाला फार कल्पकता दाखवावी लागली नाही. निरोपाच्या समारंभात मी भाषण केले. त्यात 'अमूल्य' हा शब्द पुष्कळदा आला. ज्यांना अमूल्य म्हणायचे त्यांना पगार देण्याची गरज उरत नाही, ही त्या शब्दातली सोय मला तेव्हा जाणवली होती. मी ती बोलून दाखवली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मोबाइलवर त्यांचा संदेश आला. एकच शब्द: 'हाळी'. मला गंमत वाटली. मी लिहिले, 'ओ'. तिसऱ्या दिवशी पुन्हा हाळी, पुन्हा ओ. गंमत काही आठवडे टिकली. मग मी कधी बैठकीत असे, कधी मोशीहून माणकडे निघालेल्या वाहनांच्या रांगेत, आणि तो एका शब्दाचा संदेश माझ्याकडे तगादा लावल्यासारखा पाहत राही. त्यांना यापलीकडे काही बोलायचे नसे. नुसती हाळी द्यायची आणि ओ घ्यायची. माझ्यासारख्या व्यग्र माणसाने अशा गोष्टीत आयुष्य घालवावे काय?

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे, की जे काम पुन्हा पुन्हा करावे लागते ते यंत्राकडे सोपवावे. आपोआप उत्तरे धाडणारे एक ॲप मी मोबाइलमध्ये घेतले आणि त्याला एक नियम लिहून दिला: शिवळ्यांच्या संदेशात 'हाळी' असेल, तर 'ओ' पाठव. उत्तर तत्क्षणी गेले तर संशय येईल, म्हणून थोडा विलंबही ठेवला. माणूस खिशातून मोबाइल काढून चष्मा लावील, एवढा. त्या विलंबाचे मला फार कौतुक वाटले होते. आज सर्वांत अधिक लाज मला त्याचीच वाटते. त्यांच्या संदेशांची खिडकी मी नजरेआड सरकवून दिली आणि विसरून गेलो.

एके दिवशी उपाहारगृहात ऋतुजा माझ्यासमोर ताट घेऊन बसली. पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाली, "सर, एक विचारू का? शिवळेकाकांच्या आईच्या मातीला तुम्ही का नाही आलात?"

"त्यांच्या आई गेल्या?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमच्यासाठीच तर थांबले होते सर, सगळे लोक. भावकीतले म्हणत होते, ऊन चढलंय, उचला आता. काका काही ऐकेनात. म्हणत होते, सायबांनी ओ दिलीय, ते निघालेत."

मी ताट सारले आणि जिन्यात जाऊन मोबाइलमधली ती खिडकी उघडली. अगोदर हाळी आणि ओ, हाळी आणि ओ, कितीतरी. मग शब्द वाढत गेलेले.

'हाळी. आज आईनं मला वळाकलं न्हाई.'

'ओ.'

'हाळी. आज वळाकलं. मग पुन्ना ईसरली.'

'ओ.'

'हाळी. आता ती मला हाक मारत न्हाई. घर लई गप झालंय.'

'ओ.'

'हाळी. आई गेली. माती दुपारी हाय.'

'ओ.'

त्याखाली त्यांचा शेवटचा संदेश होता: 'बरं. थांबतो.' त्यात 'हाळी' हा शब्द नव्हता. माझ्या नियमानुसार यंत्र गप्प राहिले होते. त्यानंतर त्यांनी काहीच लिहिले नव्हते.

त्याच दिवशी मी महाळुंग्याला गेलो. रस्त्यात एका अस्खलित दिलगिरीची जुळवाजुळव केली. तिच्यात 'अपरिहार्य' होते, 'तांत्रिक' होते, आणि सगळी क्रियापदे अशी होती की कर्ता कोठेच दिसू नये. हे काम मला चांगले येते.

शिवळ्यांचे घर आता दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये उरले आहे. अंगणात ते एकटे बसले होते. पलीकडे ओट्यावर त्यांचे चुलतभाऊ बबनराव तंबाखू मळीत होते. मला पाहून बबनरावांचा हात थांबला.

"ह्येच का रं ते तुजं ओ देनारं सायेब?" ते म्हणाले. "या, या. उन्हात हुबं केलं व्हतं आमाला तुमच्यापायी. सगळं गाव इचारतंय, निवर्त्या, आलं का तुजं मानूस?"

"गप ए बबन," शिवळे म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. दाढी वाढलेली होती, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात होती. "तू नगं मधी बोलूस. चाकनच्या चौकात गाडी अडाकली आसंल. न्हाईतर रेंज गेली आसंल. व्हय का न्हाई, सायेब?"

मी खुर्चीत बसलो.

"म्हातारी शेवटाला हाळी द्यायची बंद झाली व्हती," बबनराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "ह्यो रोज सकाळी त्या मोबाइलकडं बघत बसायचा. आमी हसायचो. तर म्हनायचा, आजून एक मानूस हाय माज्या हाळीला ओ देनारा."

शिवळे खाली मान घालून खुर्चीचा हात पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मग पुन्हा म्हणाले, "रेंजच गेली आसंल. आपल्या हिकडं लई जाती."

त्यांनी मला सबब आणून हातात ठेवली होती, तीही दोनदा, आणि साक्षीदारासमोर. नुसते 'हो' म्हणायचे होते. भावकीत त्यांचा शब्द राहिला असता आणि माझी अब्रूही. रस्त्यात जुळवलेली वाक्ये अजून तोंडात तयार होती. मी उठून उभा राहिलो. माझा आवाज मुळातच बारीक आहे. पहिल्यांदा जे बोललो ते ओट्यापर्यंत पोहोचलेच नसावे, कारण बबनरावांनी कानामागे हात धरला. म्हणून मी ते पुन्हा, कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने म्हणालो.

"निवृत्तीभाऊ, रेंज होती. गाडीही अडकली नव्हती, मी निघालोच नव्हतो. तुमच्या आई गेल्याचं मी वाचलंसुद्धा नव्हतं. ती ओ मी दिली नाही, मोबाइलनं दिली. तशी सोय मीच करून ठेवली होती, तुमचा कंटाळा आला म्हणून. तुम्ही लोकांना सांगितलंत ते खरं समजून सांगितलंत. खोटा मी होतो. माझं चुकलं, निवृत्तीभाऊ. मला माफ करा."