किरणवाले जावई

आखाजीच्या सणाला माहेरी गेलेली बायको सुगंधाबाई वैशाख सरत आला तरी परतेना, आणि इकडे जीवरामला घर खायला उठलं. तापीकाठच्या एका दारूगोळा कारखान्यात तो प्रयोगशाळेचा मदतनीस. स्फोटकं धुतलेलं गुलाबी, विषारी पाणी किरणांनी शुद्ध होतं का, याचे प्रयोग तिथे चालले होते. ते सोडून निघता येईना, म्हणून तो सासुरवाडीला, पारोळ्याला, नुसते निरोप धाडी. शेवटी सासरे हिलालआबांचाच उलट निरोप आला: किरण लागलेल्या माणसाच्या घरी पोर पाठवणार नाही.

साहेबांची मनधरणी करून जीवरामने दोन बंद बाटल्या मिळवल्या, एक गुलाबी पाण्याची आणि एक किरण दिलेल्या पाण्याची, आणि पारोळ्याची एसटी धरली.

आबांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली. सुगंधाबाई दाराआड उभी. तिचा नुसता पदर दिसला तरी जीवरामला भरून आलं.

"बघा आबा," तो कारखान्याच्या शुद्ध भाषेत म्हणाला, "हे विषारी. किरण दिले की असं नितळ!"

आबांनी दोन्ही बाटल्या न्याहाळल्या. "पानीना रंग उडी गया. मानूसना काय ऱ्हाई?"

"मिरच्या उचला व!" सासूबाई भिकुबाई ओरडल्या. "धवळ्या व्हई जातीन!"

अंगणातली वाळवणं घरात गेली, पाठोपाठ दोरीवरची लुगडी गेली. जावईबापूंचा चहा ओट्याच्या पार टोकाला ठेवण्यात आला, तोही अर्धाच कप.

"अहो, किरण पाण्यात राहत नाहीत, माझ्यात कसे राहतील?" जीवराम कळवळून सांगत होता. पण ऐकतो कोण?

कपबशी उचलायला सुगंधाबाई आली आणि हळूच म्हणाली, "हाई भ्याव मीच घालं आबाले. मनमा म्हंतं, निरोप सोडीसन तुमी सोता येशात."

"मग आता खरं सांगून टाक!"

"बापले काय सांगू? तुमनी याद येस म्हनू?" तिचे डोळे भरले.

लेकीने बापासमोर असलं काही बोलायचं नसतं, हे जीवरामलाही ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला. कारखान्याची भाषा कुठल्या कुठे गेली.

"आबा, माले हिनाबिगर करमत नही. घास उतरत नही."

किरणवाला माणूस पाहायला जमलेली गल्ली लाजेने पांगली. भिकुबाईंनी तोंडाला पदर लावला. आबा कानापर्यंत लाल झाले.

"लई जा जवाईबापू, पोरले आतेच लई जा! तुमना किरण परवडतस, पन गल्लीमा असं बोलू नका!"