प्रमाण उजवा हात

एखाद्या वस्तूचं खरं मोल ठरवायचं असेल तर ती वापरणाऱ्याला दूर ठेवावं लागतं. ज्याला वस्तू आवडते तो तिच्याबद्दल खरं बोलत नाही आणि ज्याला आवडत नाही तो फार बोलतो. म्हणूनच आमच्या संस्थेत कॉम्प्युटर गेमसाठीच्या माऊसची तपासणी, आयुष्यात एकही गेम न खेळलेली माणसं करतात.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते नेहमीसारखे सकाळपासून एका माऊसवर हात ठेवून बसले होते आणि मी समोर बसून त्यांचे हुंकार लिहून घेत होते.

"हं," बाबा म्हणाले.

मी लिहिलं: पाठीचा उंचवटा तळव्यास पोषक.

"हंऽऽ."

मी लिहिलं: डावं बटण दाबल्याबरोबर प्रतिसाद देतं, उजवं थोडा विचार करून देतं.

मग बराच वेळ ते काहीच म्हणाले नाहीत. मी लिहिलं: एकंदर रचना समाधानकारक.

(या भाषेचा कोश संस्थेकडे नाही. तो माझ्या डोक्यात असल्यामुळेच मला अहवाल विभागात घेतलं, वशिल्याने नव्हे, असं माझ्या नेमणूकपत्रात दोनदा म्हटलं आहे.)

बाबांचा उजवा हात हा संस्थेचा प्रमाण हात होता. संस्था निघाली तेव्हा माऊस कोणत्या हाताला बसला म्हणजे चांगला म्हणायचा, असा प्रश्न आला. सगळ्या कर्मचाऱ्यांचे हात मोजून सरासरी काढली. ती सरासरी कुणाच्याच हाताशी जुळेना. (संचालकांचा हात बराच मोठा निघाला. तो पदाला साजेसा आहे असं त्यांनी स्वतःच सांगितलं.) शेवटी मोजणी गुंडाळायची वेळ आली, तेव्हा भांडारातला, मोजणीतून राहून गेलेला एक कारकून मोजपट्टी परत मागायला आला. पट्टी घ्यायला त्याने जो हात पुढे केला तो सरासरीशी तंतोतंत जुळला. लांब नाही, आखूड नाही, मऊ नाही, खरबरीत नाही. पाहिला तरी लक्षात राहणार नाही असा हात. इतका निर्दोष सामान्यपणा क्वचितच एका माणसाच्या वाट्याला येतो. बाबांना त्याच दिवशी बढती मिळाली. मोजपट्टी मिळाली नाही.

प्रमाण वजन काचेच्या कपाटात ठेवतात. त्याने कुणी भाजी तोलत नाही. प्रमाण हाताचंही तसंच. तो इतरत्र वापरला तर बदलणार, आणि तो बदलला तर आजवरचे सगळे अहवाल खोटे ठरणार. हात कपाटात ठेवणं शक्य नसल्यामुळे (त्याला बाबा जोडलेले होते) त्याला एक पांढरा हातमोजा आणि एक नियमावली देण्यात आली. कामाबाहेर त्या हाताने पिशवी उचलू नये, टाळी वाजवू नये, दार ओढू नये, कुणाच्याही हातात तो देऊ नये. खाजवायला हरकत नव्हती, मात्र खाज कामाच्या वेळेत सुटलेली असावी.

बाबांनी हे सगळं पाळलं. जेवायचे डाव्या हाताने, चमच्याने. सही डाव्या हाताने करायचे. ती पाहून बँकेतले लोक दरवेळी नव्याने संशय घ्यायचे.

"उजवा हात ऑफिसचा, डावा घरचा," आई म्हणायची, "आणि तोंडाचा दोघांनाही उपयोग नाही."

एकदा एका बरणीचं झाकण घट्ट बसलं. डाव्या हाताने हलेना.

"अहो, एकदा उजवा लावा. कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय ना," बाबा म्हणाले.

आईने रागाच्या भरात संस्थेकडे रीतसर परवानगी मागितली. संस्थेनेही ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही. उपसमिती नेमली, बरणी मागवून घेतली, झाकणाच्या पकडीचा सर्व बाजूंनी अभ्यास केला आणि परवानगी दिली. तोवर आतला पदार्थ ओळखण्यापलीकडे गेला होता. पण उपसमितीने केलेली झाकणाची स्तुती वाचून आईलासुद्धा त्या बरणीबद्दल आदर वाटू लागला.

मीही बाबांचा डावाच हात धरून मोठी झाले. रस्ता ओलांडताना, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी. डावा हात चांगला होता, त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण उजवा कसा लागतो ते मला कायम जाणून घ्यायचं होतं. शेकडो माऊसना ते माहीत होतं आणि मला नव्हतं. (मत्सर हा शब्द इथे जरा मोठा होईल. प्लास्टिकचा मत्सर करू नये, इतपत माझं वाचन आहे.)

असो. त्या शेवटच्या दिवसाच्या दुपारी सेन्सरची चाचणी होती.

सेन्सर म्हणजे माऊसच्या पोटातला डोळा. तो टेबलाकडे बघतो आणि हात किती सरकला ते कॉम्प्युटरला सांगतो. आजकालचे सेन्सर हे इतक्या बारकाईने सांगतात, की माणसाला तेवढा बारीक हात हलवताच येत नाही. तरी कंपन्या ही बारकाई वर्षागणिक वाढवत असतात. आमच्या पाहणीत शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना काही फरक जाणवला नाही, आणि उरलेल्या तिघांनी आधी किंमत वाचली होती. म्हणून आम्ही तीन श्रेणी ठरवल्या आहेत: जाणवतं, जाणवत नाही, आणि जाणवत नसलं तरी हवं. तिसऱ्या श्रेणीचा माऊस सगळ्यात महाग असतो. तो हलका व्हावा म्हणून त्याच्या पाठीला भोकं पाडतात. आम्ही भोकांचं वजन वेगळं करून पाहिलं. कंपनीचा दावा खरा निघाला, भोकं फारच हलकी होती. शिवाय त्यात कोट्यवधी रंगांचे दिवे असतात, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक रंग तपासनिसाने एकदा तरी डोळ्यांनी पाहावाच लागतो. बाबा हिरव्यापर्यंत आले होते.

सेन्सर वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालवून बघतात. लाकूड, काच, वर्तमानपत्र, चादर आणि उपसंचालकांचं टक्कल. हा शेवटचा पृष्ठभाग योगायोगाने सापडला. उपसंचालक टेबलावर वाकून आकडे वाचत होते आणि बाबांचा हात ओघात पुढे गेला. कर्सर इतका सरळ कधीच गेला नव्हता. तेव्हापासून उपसंचालक हे पद रिक्त झालं की जाहिरातीत केसांविषयी एक अट असते.

"साहेब, जरा स्थिर," सेन्सरचं यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ त्या दुपारी म्हणाला. त्याला सगळे सेन्सरवाला म्हणतात.

"अरे, शिंक येतेय," वाकलेले उपसंचालक म्हणाले.

"नोंद झाल्यावर द्या."

"शिंक काय मी देतो का? ती आपली येते!"

"मग लिहा ताई, पृष्ठभाग अस्थिर."

बाबा हसले. त्यांचं हसणं हात हलू न देता असायचं, फक्त खांदे हलायचे. शेवटी उचल-चाचणी झाली. चांगल्या माऊसचं लक्षण असं की तो टेबलावरून उचलला की कर्सर त्याच क्षणी, होता तिथे थांबला पाहिजे. बाबांनी माऊस उचलला. कर्सर थांबला. "हं," बाबा म्हणाले, आणि मी लिहिलं: उत्तम.

निघताना हातमोजा चढवत ते म्हणाले, "उद्या निळा सुरू करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डाव्या हातात पेपर घेऊन खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. निळा राहिला.

संस्थेला कळवणं भाग होतं. माणसं लगेच आली, फार आपुलकीने वागली आणि उजव्या हातमोज्यावर लाखेचं सील लावून गेली. सील लावणाऱ्या माणसाचे डोळे भरून आले होते, त्यामुळे ते जरा तिरकं लागलं. त्याबद्दल त्याने आईची माफी मागितली.

"हे काढता येईल का?" मी विचारलं. "थोडा वेळच."

"ताई, अर्ज द्या. मी स्वतः नेतो, धावत नेतो."

तो खरंच धावत गेला. परवानगी आली. बाबांना नेल्यानंतर आली, पण बरणीच्या मानाने पुष्कळच लवकर, हे सांगितलं पाहिजे. संस्था कुठे कमी पडली असं मी म्हणणार नाही.

शोकसभा नीटनेटकी झाली. सगळे उभे राहिले आणि खोलीत पूर्ण शांतता पसरली. अशी शांतता कार्यालयात एरवी मिळत नाही, म्हणून तिचा उपयोग करून, कुणी हात लावला नसताना कर्सर आपोआप किती थरथरतो याची मोजणी उरकून घेण्यात आली. अजिबात थरथरला नाही. सेन्सरवाला थोडा थरथरला, पण तो मोजणीत धरला नाही.

मग खरा प्रश्न उभा राहिला. प्रमाण हात नाही म्हणजे मूल्यमापन नाही. टेबलांवर नवे माऊस येऊन पडले होते, काही तर वाट बघून आपोआप विझले. सुदैवाने दरवर्षीच्या तपासणीत बाबांच्या हाताचा साचा घेतला जायचा. त्यावरून रबराचा हात तयार केला गेला. आत मोटर बसवली, अंगाइतकी ऊब राहावी म्हणून तारा घातल्या. (घामाची मागणी वेगळी नोंदवली होती, तो अजून यायचा आहे.) आता नियम असा, की असा हात सेवेत घेण्याआधी तो मूळ हातासारखाच आहे हे, मूळ हात जवळून माहीत असलेल्या व्यक्तीने स्पर्शाने पारखावं आणि समितीसमोर मोठ्याने सांगावं. तो पास झाला तर थेट काचेच्या कपाटात जाणार आणि पुढे माऊसखेरीज त्याला कुणीही शिवणार नाही. नापास झाला तर वितळवणार. म्हणजे काहीही झालं तरी मला तो एकदाच धरायला मिळणार होता.

आधी त्यांनी आईला विचारलं.

"मी येऊन काय करू?" आई म्हणाली. "सोबत बरणी आणू का पारखायला?"

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तू जा. आणि घाई करू नकोस."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. सदस्य आपापल्या कॉम्प्युटरपुढे ओळीने बसले होते. मधोमध निळ्या कापडावर तो हात, तळवा वर करून ठेवलेला, ऊब चालू.

"फक्त 'ओळखला' किंवा 'नाही ओळखला' एवढंच बोला," अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले. "बाकीचा मजकूर इतिवृत्तात बसत नाही."

"बसवू की, साहेब," सेन्सरवाला मागून म्हणाला. "दोन ओळी जास्त."

"दोनच ओळी उरल्यात, त्यात आभार मानायचेत."

माझी अडचण तांत्रिक होती. या हाताला सगळ्यात जवळून ओळखणारी व्यक्ती म्हणून मला बोलावलं होतं, आणि तो हात ओळखू न शकणारी त्या खोलीत मी एकटीच होते. बाकी सगळ्यांचा उजवा हात त्या क्षणीही आपापल्या माऊसवर होता, आणि त्यातला प्रत्येक माऊस बाबांच्या तळव्यावर बेतलेला होता. (तुमचाही तसाच आहे. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रोज माझ्या बाबांच्या हातात हात घालून बसता आहात, आणि इंटरनेट बंद पडलं की तो टेबलावर आपटता.)

"बोला ताई," अध्यक्ष म्हणाले. "सगळे थांबलेत."

मी हात पुढे केला आणि थांबले. असा न विचारता धरणं बरं दिसलं नसतं. नियमावली मला पाठ होती. त्यात हात द्यायला मनाई होती. मागायला नव्हती. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "उजवा हात दे ना."