चौतीस नंबरची तपासणी

रासकर अण्णा माझ्यापासून तीन हातांवर बसायचे आणि माझ्याशी टेलिफोनवर बोलायचे.

म्हणजे असं, की मी मान वर केली की समोर अण्णांची काळी टोपी, टोपीखाली चष्मा आणि कानाला लावलेला रिसीव्हर. माझ्या टेबलावरचा टेलिफोन वाजायचा. मी उचलायचो. "कुलथे का?" अण्णा माझ्याकडे बघत विचारायचे. "कुलथेच," मी त्यांच्याकडे बघत सांगायचो. मग ते म्हणायचे, "नदीकाठच्या गटाची फाईल जरा इकडे द्या." एका कानाला आवाज तारेतून यायचा आणि दुसऱ्याला हवेतून. फाईल मात्र हातानंच द्यावी लागायची. ती तारेतून पाठवायची सोय त्या यंत्रात नव्हती आणि याचं अण्णांना मनापासून वाईट वाटत असावं.

नगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला आमचा साखर कारखाना. अण्णा तिथं हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली कारकून. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात कारखान्यात हे यंत्र आलं. त्याआधी सगळ्या आवारात एकच टेलिफोन होता, चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये, आणि तो बहुतेक वेळा बंद असायचा. बाकी कारभार हाका मारून चालायचा. स्टोअरकीपरला बोलवायचं असेल तर शिपाई खिडकीतून ओरडायचा, आणि तो नाही आला तर दुसरा कुणी तरी यायचा. काम अडत नव्हतं. पण नगरच्या कुठल्याशा समारंभात चेअरमनसाहेबांनी दुसऱ्या एका कारखान्याचं कौतुक ऐकलं, आणि आमच्याकडेही भिंतीवर आवारातले टेलिफोन एकमेकांना जोडणारी एक करडी पेटी लागली. एका हंगामापुरती, चाचणीवर. हंगाम संपला की ठेवायची की परत पाठवायची, हे संचालक मंडळ ठरवणार होतं.

पेटी बसवायला पुण्याहून मेस्त्री आला. त्यानं विचारलं, "एकवीसपासून चाळीसपर्यंत नंबर आहेत. कुणाला कुठला देऊ? कुठलाही चालेल, यंत्राला फरक पडत नाही."

"यंत्राला पडत नसेल," अण्णा म्हणाले.

त्यानंतर मेस्त्री दोन दिवस नुसता चहा पीत बसला आणि अण्णा लग्नातले मानपान ठरवावेत तसे नंबर ठरवत बसले. एकवीस चेअरमनसाहेबांचा, यात वाद नव्हता. बावीसवर चीफ इंजिनियर आणि चीफ केमिस्ट दोघांनी हक्क सांगितला. दोघे एकाच दिवशी कामावर रुजू झालेले आणि त्या दिवसापासून एकमेकांच्या वाईटावर टपलेले. अण्णांनी बावीस नंबर आवारातल्या मारुतीला दिला. देवळात यंत्र बसवलं नाही, पण नंबर मारुतीचा. आता मारुतीशी कोण भांडणार? मग इंजिनियरला तेवीस आणि केमिस्टला बत्तीस. "आकडे तेच आहेत साहेब, फक्त आपण उजवीकडून बसलात," असं त्यांनी केमिस्टला सांगितलं, आणि एवढा शिकलेला माणूस खूश होऊन गेला. उसाच्या काट्याला छत्तीस. वर्कशॉपला चौतीस. गेटवरच्या वॉचमनला चाळीस, म्हणजे शेवटचा, आणि त्याबद्दल तो हंगामभर कुणाला सलाम करेना.

मग मेस्त्रीनं पेटी उघडली. आत तारांचं जंगल. कुणाला बाहेरगावची लाईन मिळावी, कुणाला दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच शिरता यावं, कुणाला आठदहा जणांना एका वेळी एकत्र बोलवता यावं, हे सगळं तो एकेक तार जोडून ठरवत होता. अण्णा शेजारी स्टुलावर बसून बघत होते.

"दुसऱ्याच्या बोलण्यात शिरायची सोय फक्त चेअरमनसाहेबांना," मेस्त्री म्हणाला.

"आणि मला."

"तुम्हाला कशाला?"

"कुणी शिरलंय का, ते बघायला नको?"

मेस्त्रीनं ती सोय दिली नाही. आठदहा जणांना एकत्र बोलवायची मात्र दिली, आणि अण्णांचं आयुष्य बदललं. आमचंही बदललं.

अण्णांच्या तोंडी एकच वाक्य बसलं: "लाईनीवर या." टेबलापाशी कुणी येऊन उभं राहिलं की अण्णा हात वर करायचे. "असं नाही. जागेवर जा आणि लाईनीवर या." रजेचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ते परत स्टोअरमध्ये पाठवायचे, तिथून त्याचा टेलिफोन यायचा, अण्णा त्याचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, आता अर्ज घेऊन या."

एकदा कर्जतकडचे एक शेतकरी ऊसतोडीची पाळी कधी लागणार, ते विचारायला आले. अण्णांनी त्यांना गेटवर पाठवलं आणि वॉचमनला नंबर लावून द्यायला सांगितलं. त्या गृहस्थांचा आवाज असा, की रिसीव्हर त्यांच्या तोंडाशी गेला आणि आमच्या खिडकीतून "आमचा ऊस वाळून चाललाय, हायसा का न्हाई?" ऐकू आलं. अण्णांनी घाईनं खिडकी लावून घेतली आणि मग रिसीव्हर उचलून शांतपणे म्हणाले, "बोला. आवाज स्वच्छ येतोय."

मला या सगळ्याचा वैताग यायचा. घरी गेल्यावर बायकोनं हाक मारली तरी माझा हात आधी टेबलाकडे जायचा. अण्णांना नव्या खेळण्याचं वेड लागलंय, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

फक्त अकरा वाजताची तपासणी मला कळत नव्हती.

रोज सकाळी अकराला अण्णा चौतीस फिरवायचे, म्हणजे वर्कशॉप. "ऑफिसातून बोलतोय. लाईन तपासायची आहे. आवाज येतोय का?" पलीकडून येतोय म्हणत असावेत. मग अण्णा म्हणायचे, "आज आवाज बसल्यासारखा वाटतो." थोडं थांबून, "मग लाईनीवरच्या माणसानं गरम पाणी प्यावं." एखाद्या दिवशी, "काल संध्याकाळी लाईन कुठं होती? उशिरापर्यंत लागली नाही." किंवा, "भाकरी जरा जाड झाल्या होत्या, त्याची नोंद घेतली आहे." शेवटी, "ठीक. लाईन चालू आहे," आणि रिसीव्हर खाली. बाकीच्या नंबरांची तपासणी अण्णा कधी करत नव्हते. यंत्र परत गेलं तर, असं कुणी गमतीनंही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "परत कसं जाईल? गरज आहे त्याची," एवढंच म्हणायचे.

वर्कशॉपमध्ये टेलिफोन उचलायचा तो टर्नर दत्तू. दत्तू रासकर. अण्णांचा एकुलता एक मुलगा.

ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, पण तिचा उल्लेख कुणी करत नसे. दत्तू नगरच्या कॉलेजात होता. अण्णांनी त्याच्यासाठी मनात एक खुर्ची, एक टेबल आणि वर पंखा मांडून ठेवला होता. दत्तूनं मधेच कॉलेज सोडलं, लेथचं काम शिकला आणि बापाला न विचारता आमच्याच वर्कशॉपला लागला. अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मुलगाही त्यांचाच, त्यानंही टाकलं. कॉलनीतल्या दोन खोल्यांत दोघांचा अबोला सुरू झाला. मधे दत्तूची आई, रखमाकाकू. "त्याला म्हणावं, कंदील पूस." "त्यांना म्हणावं, पुसलाय." दोघे एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि काकू चुलीपाशी बसून इकडचं तिकडे जोडून द्यायच्या. त्या घराचं एक्स्चेंजच होत्या त्या. जोडताना एखादा कडू शब्द वाटेत गाळूनही टाकायच्या.

यंत्र यायच्या आदल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. अण्णांची मूळची माणसं पारनेरकडची, ती येऊन दहावा-तेरावा करून परत गेली. घरात दोन माणसं उरली, आणि जोडून देणारं कुणी उरलं नाही. एक जण भाकरी करायचा, दुसरा भांडी घासायचा. एकाच्या जेवणाच्या वेळी दुसरा ओट्यावर जाऊन बसायचा. कोण आधी बोलणार, एवढाच प्रश्न होता, आणि दोघांपैकी कुणालाच तो सोडवता येत नव्हता.

तेवढ्यात ती करडी पेटी आली. आता आपल्याकडे जुन्या घरांत सासऱ्यासमोर न येणारी सून दाराआडून बोलायची, आणि ते बोलणं समोर आल्यासारखं कुणी धरायचं नाही. तोच कायदा या बापलेकांनी टेलिफोनला लावला असावा. तोंड दिसत नाही, म्हणजे अबोला मोडत नाही. घरी एका छपराखाली चकार शब्द नाही, आणि अकरा वाजता कार्यालयीन आवाजात भाकरीच्या जाडीवर चर्चा. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग अण्णांची फार दया आली. त्या दिवसापासून पेटी राहावी असं मलाही वाटू लागलं.

हंगाम संपत आला. संचालक मंडळाची बैठक ठरली. पेटीच्या विरोधात होते लोखंडे आबा, काष्टीकडचे जुने संचालक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "हाक मारली की मानूस येतंय. मंग ह्यो डबा कशापायी?" चेअरमनसाहेबांनी अण्णांना प्रात्यक्षिक करून दाखवायला सांगितलं.

अण्णा त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी एकेका संचालकाला एकेका टेबलापाशी बसवलं, प्रत्येकाच्या हातात रिसीव्हर दिला, आणि बटण दाबून सगळ्यांना एकत्र जोडलं. एकाच खोलीत बसलेली सात माणसं एकमेकांना "हॅलो, हॅलो" म्हणू लागली. सगळे खूश झाले. आबांचा रिसीव्हर माझ्याच टेबलावरचा. ते तो कानापासून जरा लांब धरून बसले होते, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"हितल्या हितं काय दावता?" आबा म्हणाले. "त्या वर्कशॉपला लावा की."

अण्णांचा हात थांबला. पण सात जण बघत होते. त्यांनी चौतीस फिरवला. नेमके अकरा वाजत आले होते. पलीकडे दत्तूनं उचललं, आणि बापाला बोलूच दिलं नाही.

"लाईन ठीक हाय. तुमी आज गोळी न घेताच गेलात. डब्याच्या झाकनात ठिवलीया, ती घ्या आधी. आन् रातभर खोकत हुता. डाक्टरकडं कवा जानार?"

"मी... ही तपासणी चालू आहे," अण्णा म्हणाले.

"तपासनीचंच बोलतुया मी. म्या इचारायचं न्हाई तर कुनी इचारायचं? आई हाय का आता?"

सातही संचालक हातात रिसीव्हर धरून खाली बघत होते. "ठीक. लाईन चालू आहे," अण्णा कसंबसं म्हणाले आणि त्यांनी बटण सोडलं. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती.

संचालक केबिनमध्ये गेले. अण्णांना इतिवृत्त लिहायला आत बसावंच लागलं, आणि मदतीला मी. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "आबा, मग काय, परत पाठवायचं?"

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "डबा ब्येस हाय. फकस्त वर्कशॉपची तार तेवढी काढा."

"वर्कशॉपचीच का?"

"मधी एक आंगन हाय. चालत जायाला कुनाचं पाय मोडल्यात का?"

ते अण्णांकडे बघत नव्हते. पण ते काय करत होते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं आणि कुणी विरोध केला नाही. असा ठराव कुठल्याही कारखान्यात झाला नसेल. अण्णांनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढला. पेटी राहिली होती. ज्याच्यासाठी ती राहायला हवी होती, ते गेलं होतं. आबांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

मेस्त्री आला, त्यानं पेटी उघडली आणि चौतीसची तार सोडवली. आत अंधार होता म्हणून अण्णांनी विजेरी धरली. तार सुटली तरी ते विजेरी आतच धरून होते, म्हणून मेस्त्रीनं दोनदा सांगितलं, झालं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अण्णांनी रिसीव्हर उचलला, थोडा वेळ धरला आणि ठेवून दिला. मी फाईलमध्ये डोकं घातलं. घटकाभरानं आमच्या दारात कुणी तरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून वर बघितलं, तर दत्तू. अंगावर निळे कपडे, हात तेलकट. या खोलीत तो कधी आलेला नव्हता.

तो अण्णांच्या टेबलापर्यंत आला आणि थांबला. अण्णांनी मान वर केली. दत्तू बोलेल असं वाटलं, पण त्याला ते जमलं नाही. अण्णा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"मिशी कधी ठेवलीस रे?" अण्णा म्हणाले.

"आईच्या दहाव्याला काढली हुती," दत्तू म्हणाला. "तीच परत आली."

म्हणजे अण्णांनी त्याचं तोंड नीट बघितल्याला वर्ष होत आलं होतं. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. दत्तूनं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि दाराकडे बघितलं.

"काम पडलंय. जातो मी."

"थांब," अण्णा म्हणाले. "बघू दे जरा."