वॉशरकाकांची तोटी

वॉशरकाकांनी आयुष्यभर लोकांचे गळके नळ बंद केले आणि म्हातारपणी स्वतःच्या घरात मुद्दाम एक गळती सुरू केली. बायको गेल्यापासून घरात जपण्यासारखं एकच उरलं होतं, माशांच्या टाकीत तिने लावलेली झाडं. तीही पिवळी पडायला लागली, तेव्हा काकांनी मुलीला फोन लावला.

मुलीने उपाय सांगितला. "बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घाला, नळी टाकीत सोडा. गॅसचे बुडबुडे येतात, झाडांना तेच लागतं. ठेवते बाबा, मीटिंग आहे."

काकांनी खालच्या बेकरीवाल्या बाईंकडून यीस्ट आणलं. झाकणाला टेप गुंडाळली, वर पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि नळीला छोटीशी तोटी बसवली. तोटीशिवाय नळी त्यांच्या हातून लागलीच नसती. बुडबुडे सुरू झाले. घरात आपल्याशिवाय कुणीतरी आवाज करतंय, याचंच काकांना बरं वाटलं.

दुपारी भाजीला निघताना त्यांनी सवयीने शेगडी बंद केली, नळ बंद केले आणि ही तोटीसुद्धा. "उगाच कशाला वाया?" म्हणत आणखी एक पिळा दिला. दुसऱ्या कुणाचं काम असतं, तर झाकणातून फुसफुस होऊन प्रकरण मिटलं असतं. पण काकांचा जोड आजवर कधी गळला नव्हता.

परत येऊन ते चपला काढतात तोच बाटली फुटली. टाकी आणि मासे शाबूत, पण फवारा थेट छतापर्यंत उडाला आणि तिथून आंबूस चिकट पाणी टपकू लागलं. बेकरीवाल्या बाई धापा टाकत वर आल्या.

"काय फोडलंत?"

"काही नाही. तोटी बंद केली होती."

"अहो, यीस्ट आहे ते. तोटी बंद केली म्हणून थांबतंय होय? साखर असेपर्यंत गॅस होतच राहणार."

"मला वाटलं, बंद केलं की बंद."

काका स्टुलावर, बाई खालून फडकं पिळून देतायत, असं छत पुसता पुसता दोघांच्या गप्पा रंगल्या. जाताना बाईंनी बजावलं, "नवीन बाटली लावा, पण तोटीला हात लावायचा नाही."

काकांनी लावला नाही. झाडांना हिरवी पानं फुटली, पण जिना चढून कुणी आलं नाही. दिवसभर नुसतं बुडुक, बुडुक. काकांना फार एकटं वाटायला लागलं. शेवटी एका सकाळी त्यांनी तोटीवर बोटं ठेवली. छत काय, पुसता येतं.

तेवढ्यात दार वाजलं. काकांनी चोरासारखा हात मागे घेतला आणि दार उघडलं. दारात बेकरीवाल्या बाई.

"बरेच दिवस काही फुटलं नाही तुमच्याकडे. म्हटलं, बघून यावं."

"सगळं ठीक आहे," काका म्हणाले. "पण मग हातात फडकं कशाला?"

"वर यायला काहीतरी निमित्त नको का?"