हाहाकार सोपा झाला

कार्यक्रम शनिवारी होता आणि तुफानचं मनगट बुधवारी सकाळी, न्याहारीच्या टेबलावर, जॅमच्या बरणीचं झाकण उघडताना मुरगळलं.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिने बरणी घेतली, उघडली आणि पावाला जॅम लावायलाही सुरुवात केली. "एवढ्याशा झाकणाला केवढ्यांदा ओरडलात!"

"झाकणाला नाही ओरडलो. मनगट गेलं माझं."

"कुठे गेलं?"

तुफान हे काही त्याचं घरातलं नाव नव्हे. घरात तो 'अहो' होता आणि दुकानात 'चष्मेवाले'. पण ऐन उमेदीत तो 'हाहाकार' नावाच्या मेटल बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि अशा वेगाने वाजवायचा की ऐकणाऱ्यांच्या कानांना धाप लागायची. पुढे बँड फुटला, तुफानचे केस गेले, पोट आलं आणि तो लोकांना जवळचं-लांबचं दिसायची सोय करून देऊ लागला. आता बावीस वर्षांनी हाहाकार परत येत होता. नगरसभागृह ठरलं होतं, पोस्टरं लागली होती आणि तुफानचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं.

डॉक्टरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. तुफानच्या डोळ्यांत पाणी आलं.

"महिनाभर बोटं भराभर फिरवायची नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"शनिवारी मला गिटार वाजवायचंय."

"मग काहीतरी साधंसं वाजवा. अंगाईबिंगाई."

खरं तर सरळ फोन करून बँडला सांगता आलं असतं. पण मध्ये गायक होता. बँड फुटला तेव्हा जगाला 'संगीतविषयक मतभेद' असं कारण सांगण्यात आलं होतं. घडलं होतं ते असं, की गाण्याच्या मध्यावर तुफान एकट्याने वाजवायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. एका कार्यक्रमात तो असाच वाजवत असताना गायक मंचावरून उतरून चहा प्यायला गेला, तो परत आलाच नाही. त्यानंतर बावीस वर्षं दोघांत अबोला. एकाच गावात राहून, एकाच दुकानातून भाजी घेऊन अबोला! शेवटी मेहुण्याने मध्ये पडून दोघांना फोनवर बोलायला लावलं. मेहुणा म्हणजे बँडचा बास गिटारवाला आणि तुफानच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळेच मेहुणा म्हणत. कॅसेटवरसुद्धा तसंच छापलं होतं. त्या फोनवर गायकाने एवढंच विचारलं होतं, "हात चालतो का अजून?" आणि तुफान म्हणाला होता, "चालतो? वेग दुप्पट झालाय."

आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की एका बरणीने आपल्याला चीत केलं?

संध्याकाळी तालीम होती. तालमीची जागा म्हणजे ड्रमवाल्याचं गोदाम. ड्रमवाल्याला सगळे हातोडा म्हणत आणि तो आता फरश्या आणि न्हाणीघरातलं सामान विकायचा. त्यामुळे बँड खोक्यांतल्या कमोडांवर गोलाकार बसला होता. तुफानने मनगटावर काळा चामडी पट्टा चढवून सूज झाकली होती. मेटलवाल्याच्या हातात तो शोभूनही दिसत होता.

"मी काय म्हणतो," तुफानने घसा साफ केला, "आपण आता वयाने वाढलो. तोच गोंगाट, तीच धावपळ किती दिवस? आपला आवाज आता साधा हवा. सरळ. थेट काळजाला भिडणारा."

सर्वांत आधी हातोडा उसळला.

"अरे, माझ्या तोंडातलं बोललास! दोन्ही पायांनी धडाधडा ड्रम बडवायचे हा निव्वळ पोरकटपणा होता. एका पायाने काय होत नाही?" असं म्हणत त्याने पँटवरून गुडघ्याचा पट्टा हळूच वर ओढला. उजवा गुडघा जिना चढतानासुद्धा कुरकुरतो हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं.

मेहुण्याने मान डोलावली. त्याला जुन्या गाण्यांतले मोजून चार सूर आठवत होते आणि तालमीला यायच्या विचाराने त्याची दोन रात्री झोप उडाली होती.

फक्त गायक पांढराफटक पडला.

"साधं म्हणजे किती साधं?" त्याने विचारलं. "म्हणजे, शब्द कळतील इतकं?"

"कळले तर चांगलंच की!"

"चांगलं काय त्यात? गूढ जातं सगळं. आपल्या गाण्याचे शब्द आजवर कुणाला कळले नाहीत, हीच तर आपली ताकद."

हे मात्र खरं होतं. हाहाकारमध्ये कामाची वाटणी अशी होती, की गाण्याची नावं तुफान ठेवायचा आणि शब्द गायक लिहायचा. ते शब्द तो पोटातून अशी डरकाळी फोडून म्हणायचा, आणि त्यावर बाकीचे तिघे इतके तुटून पडायचे, की खुद्द बँडलाही त्यातलं अवाक्षर कधी उमगलं नाही. 'मृत्यूची हाक' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. त्यातलं 'मृत्यू, ये रे, मृत्यू, ये रे' एवढंच लोकांना पाठ होतं. पुढचं जो तो आपापल्या कुवतीने भयंकर समजून घ्यायचा.

"बघा, जुनं तेच सोनं," गायक हट्टाने म्हणाला. "मी डरकाळीच फोडणार." तो उभा राहिला, पाय फाकवले, छाती भरून घेतली आणि डरकाळी फोडली. डरकाळी निघाली, पण तिच्यासोबत त्याची नवी कोरी वरची कवळीही निघाली आणि हवेतून जाऊन हातोड्याच्या मांडीवर पडली.

हातोड्याने रुमालात धरून ती परत दिली.

"ठरलं तर मग," तुफान म्हणाला. "साधं."

"मग निदान शब्द नवे लिहितो," गायक कवळी बसवत काकुळतीला आला.

"एक अक्षर बदललं तर बघा!" दारातून आवाज आला. तो प्लंबरचा होता. प्लंबर म्हणजे हाहाकारच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष, आणि हा कार्यक्रम त्यानेच खटपट करून ठरवला होता. त्याने बाही वर सारली. दंडावर कवटी गोंदलेली होती आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'मृत्यू, ये रे'. "हे काय खोडरबराने खोडू? आणि साधं काय करताय म्हणे? साधंच ऐकायचं तर मी दिवसभर नळ ऐकतोच की!"

"साधं म्हणजे मिळमिळीत नव्हे," तुफान म्हणाला. "वीज कशी, एकदाच पडते. पण पडली की काम तमाम."

ही उपमा त्याला आयत्या वेळी सुचली होती. पण प्लंबरला ती इतकी आवडली, की दुसऱ्या दिवशी त्याने ती रेडिओवर पोहोचवली आणि तिसऱ्या दिवशी तुफानला मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखतीत तुफान वाहवत गेला. वेग म्हणजे भीती, गोंगाट म्हणजे अहंकार, दहा सूर टाळून अकरावा वाजवणं हीच साधना, असं बरंच काही तो बोलला. घरी आला तर बायको रेडिओसमोरच बसली होती.

"छान बोललात," ती म्हणाली. "अकरावा सूर उजव्या हाताने वाजवणार की मलमाच्या?"

"बाहेर कुठे बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तुम्हीच बोलताय गावभर."

तालमी पार पडल्या. गायक "आवाज राखून ठेवतोय" असं सांगून शब्दांच्या जागी नुसतं 'ला ला ला' म्हणत राहिला. घरी मात्र तो खोली लावून घेऊन 'मृत्यूची हाक'चे नवे, भीषण शब्द रचत होता. स्मशान, गिधाड, काळोख, काय हाताला लागेल ते कोंबत होता.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. सगळे जुने चाहते. जुनेच काळे टी-शर्ट घालून आले होते, त्यामुळे छातीवरच्या कवट्या पोटावर ताणून हसऱ्या झाल्या होत्या. पूर्वी ही मंडळी उभ्याने उड्या मारत. आज सगळ्यांनी आधी खुर्ची धरली. पहिल्या रांगेत तुफानची बायको जुन्या सवयीप्रमाणे कानात कापूस घालून बसली होती.

पडदा वर गेला. हातोड्याने एका पायाने ठेका धरला. धप्, धप्, धप्. मेहुण्याने आपले चार सूर लावले. तुफानने एक तार छेडली आणि ती गुणगुणत राहू दिली. नाही म्हटलं तरी कानाला गोड लागत होतं. बायकोने एका कानातला कापूस काढला.

गायक पुढे आला आणि त्याने समोरचा अंधार पाहिला. स्मशान, गिधाड, काळोख सगळं एका क्षणात डोक्यातून पसार झालं. ठेका तर येऊन ठेपला. तोंड उघडलं आणि जीभ आपल्या जुन्या पायवाटेने चालू लागली. त्यात तो गेली पंधरा वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. डरकाळी नाही म्हटल्यावर उरला तो घोषणेचा आवाज. एकेक अक्षर धुऊन, पुसून, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणारा.

"मित्रा, ये रे, मित्रा, ये रे,
पाय दुखले उभा राहून;
तुझी बोटं थकत नाहीत,
सगळे आले घरी जेवून!"

प्लंबरने आपल्या दंडाकडे पाहिलं.

"एक सूर तू किती दळशील?
पीठ झालं, आता थांब!
माझी ओळ कधी रे येईल?
मित्रा, तुझं शेपूट लांब!"

तुफानच्या डोक्यात आधी काहीच शिरलं नाही. मग शिरलं आणि कानशिलं तापली. म्हणजे हे? हे गाणं? शेकडो वेळा तो याच्या शेजारी उभा राहून, डोळे मिटून, मृत्यूच्या कल्पनेने अंगावर काटा आणून वाजवत आला होता आणि हा गृहस्थ कानापाशी त्याच्याच नावाने बोंब मारत होता! त्याने रागाने मान वळवली. गायकाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो गात होता, आणि दर दोन ओळींनी 'मित्रा' म्हणत होता. शिवी देता आली असती त्याला. तेव्हा कुणाला कळणार होतं? त्या गदारोळात काहीही म्हणता आलं असतं. तरी त्याने लिहिलं होतं मित्रा.

एवढ्यात तुफानच्या एकट्याने वाजवायची जागा आली. पूर्वी इथे तो सुटायचा. गायकाने जुन्या सवयीने माईक ठेवला आणि पाणी प्यायला पडद्याआड निघाला. तुफानने चार सूर वाजवले. सावकाश, एकेक. आणि थांबला.

गायक अर्ध्या वाटेत होता. मागे शांतता झाल्यावर तो दचकून वळला आणि धावत माईकपाशी आला.

"संपलं?" त्याने तुफानला विचारलं. माईक चालू असल्यामुळे हे सगळ्या सभागृहाने ऐकलं.

"संपलं," तुफान म्हणाला.

पहिलं हसू फुटलं ते तुफानच्या बायकोला. तिने दुसऱ्या कानातलाही कापूस काढून टाकला. मग हसू रांगेरांगेतून मागे गेलं. शेवटच्या कडव्याला निम्मं सभागृह उभं राहून "पीठ झालं, आता थांब!" ओरडत होतं. प्रत्येकाच्या आयुष्यात असा कुणीतरी असतोच. नवरे बायकांकडे बोट दाखवून ओरडत होते, बायका नवऱ्यांकडे. प्लंबर खुर्चीवर चढला होता. "म्हणजे ही जिवाभावाच्या दोस्तीची खूण आहे होय!" असं शेजाऱ्याला सांगत तो दंड दाखवत होता आणि रडतही होता.

टाळ्या चालू असताना गायक तुफानपाशी आला. नजर खाली होती.

"चिडलास?"

"तेव्हाच तोंडावर सांगायचंस ना!"

"कधी सांगणार? तू थांबलास तर सांगणार ना!" मग तो जरा घुटमळला. "पण आज तू थांबलास. माझ्यासाठी सगळं साधं केलंस. बावीस वर्षांनी का होईना, कळलं तुला."

तुफानने काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. आतून मनगट ठणकत होतं. मग त्याने गायकाचे भरून आलेले डोळे पाहिले आणि ओठांवर आलेली जॅमची बरणी गिळून टाकली.

"अरे, दोस्तासाठी एवढं करायलाच हवं," तो म्हणाला.

समोरून "अजून एक! अजून एक!" सुरू झालं. पुढचं गाणं ठरलेलं होतं, 'वज्राचा प्रहार'. मागे हातोडा खुशीत येऊन काठ्या फिरवत होता. "काय मस्त टोपी उडवली रे तुझी!" तो तुफानला ओरडून म्हणाला आणि पुन्हा खदखदून हसला.

तुफान गायकाकडे झुकला. "या पुढच्यात काय लिहिलंयस?"

गायकाने मागे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "त्यात हा आहे."

"हातोडा?"

"नखशिखान्त. त्याच्या मोज्यांच्या वासावर एक अख्खं कडवं आहे."

हातोड्याने काठ्या एकमेकींवर आपटून ठेका दिला. तुफान मागे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी सांगितलेलं नसताना, त्याने स्वतःच्या हाताने आपल्या गिटारचा आवाज अगदी बारीक केला.