क्लाऊडचं कपाट

संशोधकांसाठी क्लाऊड कॉम्प्युटिंगचा निधी मंजूर झाला, त्या दिवशी विद्यापीठाच्या संगणक विभागात पेढे वाटले गेले. पेढे त्या निधीतूनच आले होते, पण आनंदाच्या प्रसंगी असं बोलू नये. पीएच.डी. करणाऱ्या विशाखाने तर दोन खाल्ले. पाचोडच्या बागा पालथ्या घालून तिने मोसंबीच्या पानांचे ढीगभर फोटो जमवले होते. पानावरचा डाग पाहून रोग ओळखेल अशी कृत्रिम बुद्धिमत्ता तिला घडवायची होती आणि विभागातला संगणक फोटो बघूनच मान टाकत होता. आता एका कंपनीचे दणकट संगणक इंटरनेटवरून भाड्याने मिळणार होते. प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेरीस संपत होती. त्याआधी काम झालं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

पहिली अडचण भांडार विभागात निघाली. विकत आलेल्या प्रत्येक वस्तूवर भांडारपाल सुदर्शनराव पांढऱ्या रंगाने नंबर टाकत. नंबर पडल्याशिवाय बिल हलत नसे.

"मॅडम, माल कुठंय?"

"माल इथं येत नसतो. संगणक त्यांच्याकडंच राहतात, आपण इथून वापरायचे."

"म्हंजे पैसे आपले अन् माल त्यांच्या घरी? लई हुशार लोकं हायेत! मग मी नंबर कशावर टाकू, तुमच्या कपाळावर?"

विभागप्रमुख बद्रीनाथसरांनी तोडगा काढला. अडचणीतून वाट काढण्यात सरांचा हातखंडा होता. फक्त ती वाट कुठे जाते हे ते बघत नसत. "एक लोखंडी कपाट घ्या," ते म्हणाले, "त्यावर 'क्लाऊड' लिहा, अन् टाका नंबर!"

कपाट आलं. संगणकाचं कपाट म्हटल्यावर थंडावा हवा, म्हणून एसी आला. एसीला बंद खोली हवी, म्हणून संशोधकांची खोली रिकामी केली आणि विशाखाचं टेबल जिन्याखाली गेलं. नुसतं कपाट भकास दिसतं म्हणून त्याला लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावली. एवढं सगळं होऊन जो निधी उरला, त्यात भाड्याचे संगणक जेमतेम दिवसभर चालले असते. विशाखाला तेवढंही पुरत होतं.

"सर, मग आज सुरू करू?"

"उद्घाटनाआधी? वेडी का काय! आप्पासाहेबांच्या हस्ते व्हायचंय. तोवर कुणी हात लावायचा नाय."

आप्पासाहेब हे शिक्षणप्रेमी होते, म्हणजे दिसेल त्या शिक्षणसंस्थेत फीत कापत. त्यांनी तारीख दिली, मोडली, पुन्हा दिली. मुदत अगदी तोंडावर आली, तेव्हा कुठे तो दिवस उजाडला. सरांनी सकाळीच फर्मान सोडलं, "ते भाड्याचं सगळं चालू करून ठेव. पाहुण्यांसमोर पळापळ नको."

"सर, चालू केलं की मीटर पडायला लागतं. रिक्षासारखं."

"पडू दे की! पाहुणे आले की रिक्षा दारात उभी पाहिजे."

आप्पासाहेब त्या सकाळी फर्दापूरला दुसरी फीत कापत होते. मग ते निघाले, पण सिल्लोडला त्यांचा सत्कार झाला. मग फुलंब्रीत ते चहाला थांबले. सर मांडवात घाम पुसत होते आणि रिकामे संगणक भाडं खात धडधडत होते. विशाखाला आधी रडू आलं आणि मग तिची ट्यूब पेटली. ती गुपचूप जिन्याखाली गेली, लॅपटॉप उघडला आणि मोसंबीची सगळी पानं तिकडे पाठवून दिली.

थोड्या वेळाने सर तिथे डोकावले. "काय करू लागलीस?"

"काय नाय सर, बसलेय."

"कपाटाला हात नाय ना लावला?"

"नाय सर, शप्पथ!"

उन्हं कलली तेव्हा निकाल पडद्यावर आला. न पाहिलेल्या पानांवरचेही रोग यंत्र बिनचूक ओळखत होतं. विशाखाला जिन्याखाली नाचावंसं वाटलं, पण वर डोकं आपटलं असतं. तेवढ्यात बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले.

आप्पासाहेबांनी फीत कापली, नारळ फोडला, बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर इंग्रजीत लाल ओळ उमटली: शिल्लक संपली, सेवा बंद. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे लाल लाल काय लिहिलंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काम पूर्ण झालंय, साहेब," विशाखा म्हणाली. तिच्यापुरतं ते खरंच होतं.

"व्हय? इतक्यात?" आप्पासाहेब भारावले. कपाट लुकलुकत होतंच. टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी दुसऱ्या कपाटाची घोषणा करून टाकली.

विशाखाने मुदतीत प्रबंध बांधून घेतला. आता फक्त भांडाराचं काही देणं नाही, अशी सुदर्शनरावांची सही हवी होती.

"सही देतो की. पण तुम्ही क्लाऊड वापरलं ना? ते आधी जमा करा."

"जमाच आहे, काका. कपाटात ठेवलंय."

सुदर्शनराव किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठले. त्यांनी कपाट उघडलं, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत एकेक कप्पा हाताने चाचपला आणि समाधानाने दार लावलं.

"बराबर हाय. आलं तवा जेवढं व्हतं, तेवढंच हाय." त्यांनी झोकात सही ठोकली. "सगळेच इतकं जपून वापरत नायत, मॅडम."